टॅन्सीचे दात

सोमवार, ३ जून १९९१

मावशी,

शनिवारी तू जी घोडी विकत घेतलीस ती नऊ वर्षांची नाहीये. एकोणीस वर्षांची आहे. तिचे दात मी कोरलेत.

हे आधीच सांगून टाकतो, कारण अक्षर ओळखून तू पत्र फाडणार, आणि फाडायच्या आधी निदान दोन ओळी तरी वाचल्या जाव्यात. मी अतुल. लंडनचा, एजवेअरचा. तुझ्या ताईचा मुलगा. मेणबत्त्यावाला.

अजून फाडलं नसशील तर ऐक. तिला उडी मारायला लावू नकोस. चालव, फिरव, गाजरं घाल, पण उडी नको. इतक्या वयाच्या घोडीचे पुढचे पाय उडीनंतर खाली येताना कधी दगा देतील सांगता येत नाही. घोडी कोसळली की वरचा माणूस तिच्या अंगाखाली जातो. मार्चमध्ये एका बाईचं असं झालेलं मी बघितलंय. ती अजून हॉस्पिटलात आहे.

आता कसं झालं ते. मी नोव्हेंबरपासून ग्रिंडलच्या यार्डात काम करतो. लीद काढणं, खरारा, पाणी. ब्रिस्टलच्या इतक्या जवळ नोकरी मिळाली हा योगायोग. ग्रिंडलला तू ओळखतेसच, लाल नाक, हिरवं जॅकेट. चहाच्या वेळी तो जुन्या बाजारातल्या लबाड्या सांगत बसतो. एप्रिलमध्ये त्याने मला एक शब्द शिकवला. बिशप. मी म्हटलं, चर्चमधला? तो म्हणाला, चर्चमधला नव्हे गाढवा, हे क्रियापद आहे. घोड्याला बिशप करतात. बिशप नावाचा कुणी ठग होता म्हणे, त्याच्यावरून पडलं.

मला वाटलं थापा मारतोय. म्हणून मी सेंट्रल लायब्ररीत गेलो. मी, लायब्ररीत. ओ-लेव्हलला दोन विषयांत पास झालेला माणूस. तिथल्या सगळ्यात जाड डिक्शनरीत शब्द सापडला. घोड्याचे दात कोरून, काळे करून त्याला तरुण भासवणे. वापर कसा करायचा तेही होतं, ही घोडी बिशप केलेली आहे, असं. खाली लिहिलं होतं की हल्ली क्वचितच वापरतात. घोड्याच्या खालच्या पुढच्या दातांवर लहानपणी काळे खड्डे असतात, वय वाढलं की ते झिजून सपाट होतात. बाजारात तेच बघून वय सांगतात. मग लबाड माणूस नवे खड्डे पाडतो. या एवढ्या कामासाठी इंग्रजांनी वेगळं क्रियापद ठेवलंय. आपल्याकडे नाही. आपण नुसतं बायोडेटा म्हणतो.

सॉरी. ते लिहायला नको होतं. खोडलं तर घाण दिसेल म्हणून राहू देतो.

तर ग्रिंडल म्हणाला की आता कुणाच्या हातात ती कला राहिली नाही, आणि तुझ्या तर नाहीच. आणि मला कुणी तुला जमणार नाही म्हटलं की काय होतं, ते तुला माहीत आहे. एका रविवारी यार्डात कुणी नव्हतं. टॅन्सी सगळ्यात गरीब, पोलोच्या गोळ्या चघळत उभी राहिली. एक बारीक कानस, आणि केमिस्टकडे चामखीळ जाळायची पेन्सिल मिळते ती. तिने काळं होतं. शपथ सांगतो, तिला दुखलं नाही, वरचा थर नुसता. माझ्या बोटांना मात्र लागलं ते अजून जात नाहीये.

ग्रिंडलला दाखवलं. तो पोट धरून हसला, माझी पाठ थोपटली. जोक तिथेच संपला असं मला वाटलं. दुसऱ्या आठवड्यात ऑफिसच्या काचेवर कार्ड लागलं, मेअर, म्हणजे घोडी, नाइन इयर्स. मला वाटलं हाही जोकच. शनिवारी मी नव्हतो. आज सकाळी पावतीबुकात नाव वाचलं, डॉ. सुप्रभा चौबळ, डेंटल सर्जन, खाली पत्ता. मी तिथेच बादलीवर बसलो. बादलीत पाणी होतं.

दातांच्या डॉक्टरला दातांनीच गंडवलं. दुसरं कुणी असतं तर मी वर्षभर मिरवलं असतं.

उडी मारू नकोस, एवढंच कळव. मराठीत लिहिलंय म्हणजे ग्रिंडलच्या हाती लागलं तरी कळायचं नाही. चुका असतील तर त्या तुझ्या, तूच शिकवलंयस.

अतुल


गुरुवार, ६ जून

मावशी,

उत्तर नाही. बरोबर आहे.

योगायोग वगैरे काही नाही. आईच्या एका मैत्रिणीने मागच्या दिवाळीत बातमी आणली की सुप्रभा तिकडे घोड्यावर बसायला शिकतेय, या वयात. आई म्हणाली, कोण सुप्रभा? आणि चकल्या तळत राहिली. मी मैत्रिणीला सोडायला बस स्टॉपपर्यंत गेलो आणि यार्डाचं नाव काढून घेतलं. घरी सांगितलं की ब्रिस्टलला ट्रेनिंग स्कीम आहे.

दर गुरुवारी तू साडेपाचला यायचीस. दर गुरुवारी साडेपाचला मी गवताच्या गंजीमागे. सात महिने. दर वेळी ठरवायचो की आज पुढे होऊन म्हणायचं, मावशी, खोगीर आवळून देऊ का. तू टॅन्सीच्या कपाळाला कपाळ लावून मराठीत काहीतरी बोलायचीस. ते ऐकलं की माझे पाय जागचे हलायचे नाहीत.

मेणबत्त्यांचं मी कधी बोललो नाही. आता बोलतो.

एक जून ऐंशी, रविवार. बर्मिंगहॅमचा डॉक्टर आणि त्याची आई तुला बघायला येणार होते. आईने कागदावर तुझं वय सव्वीस टाकलं होतं. मी नऊ वर्षांचा. ड्रॉवरमध्ये तुझा पासपोर्ट सापडला, एक जून पन्नास. बोटांवर मोजलं तर तीस. मोठ्या माणसांना साधी वजाबाकी येत नाही याचा मला कोण आनंद. आई म्हणाली होती, केक ठेवू, वाढदिवशी बघायला येताहेत म्हणजे शुभ. केकवर मेणबत्त्या लावायचं काम माझं. मी तीस लावल्या. केक दिसेना इतक्या.

मग त्या बाई मोजायला लागल्या. मोठ्याने. सव्वीसला थांबल्या नाहीत. सत्तावीस, अठ्ठावीस. त्यांचा मुलगा पोह्यांच्या बशीत बघत होता. तू पदर तोंडात कोंबलास, तुझे खांदे हलायला लागले आणि तू आत पळालीस. मी रडवलं तुला. ते खांदे मला अजून दिसतात. महिन्याच्या आत तू बॅग भरून गेलीस. त्यानंतर तुझं नाव आमच्या घरात कुणी घेतलेलं नाही.

एक मात्र सांगतो. एक जूनला आई अजून गोडाचा शिरा करते. कशासाठी विचारलं तर म्हणते, रवा संपवायचा होता.

वयाबद्दल एकदा खरं केलं तर तुझं लग्न मोडलं. एकदा खोटं केलं तर आता मान मोडशील. पाया पडतो, उडी मारू नकोस.

अतुल


शनिवार, १५ जून

मावशी,

जोअॅन, तुला शिकवायची ती, काल म्हणाली की तू तेवीस तारखेच्या शोमध्ये टॅन्सीचं नाव दिलंयस. माझ्या हातातला खराऱ्याचा ब्रश पडला. ती म्हणाली, अरे ठीक आहे, उत्साही आहे बाई. मी ग्रिंडलकडे गेलो. म्हटलं फोन करा आणि खरं सांगा, नाहीतर मी सांगतो. त्याने चहा ढवळला, मग माझा हात धरून उजेडात उलटा केला. बोटं बघून म्हणाला, यात माझं काय आहे, मुला? काळं कुणाच्या हाताला लागलंय?

तेव्हा कळलं. त्याने मला शब्द शिकवला, मग चिडवलं, मग कार्ड लावलं. एवढं मोठं हसला ते माझ्या जोकला नाही. मी आयुष्यभर लोकांना बनवत आलो आणि हा म्हातारा एप्रिलपासून मला बनवत होता. तासभर मला काही ऐकूच येत नव्हतं.

आणि आता खरं. त्या शनिवारी मी नव्हतो असं लिहिलं, ते खोटं आहे. मी शेजारच्या ठाणात होतो. मध्ये नुसत्या फळ्या. ग्रिंडल म्हणाला, बघा ना डॉक्टर, तोंड उघडून बघा. तू बाह्या सारल्यास, तिचा ओठ वर केलास आणि बराच वेळ बघत राहिलीस. एक शब्द ओरडायचा होता. मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर तू वळून बघितलं असतंस, आणि मला ओळखलं असतंस. एवढ्यासाठी.

काल तुझ्या दारापर्यंत आलो होतो. खिडकीतून तू दिसलीस, बूट पॉलिश करत होतीस. गाणं म्हणत होतीस. मी बेल न वाजवता पळालो. हे पत्र निदान पोस्टाने येऊ दे.

तू उत्तर दिलं नाहीस तर तेवीसला मी तिथे येणार. आधीच सांगतो.

अतुल


सोमवार, २४ जून

मावशी,

काल तू तिथेच होतीस, मग परत कशाला लिहितोय म्हणशील. पण घोड्यावरून कसं दिसलं ते तुला माहीत, माझ्याकडून कसं दिसलं ते नाही.

बस उशिरा आली. गेटपासून मी पळत आलो. रिंगणात पांढऱ्या-लाल दांड्या रचून ठेवलेल्या, आणि तू टॅन्सीवर बसून आत शिरत होतीस. काळी टोपी, पाठ ताठ. मला वाटलं, झालं. दोरी होती ती मी बघितली नाही, म्हणजे बघितली पण खालून गेलो. आणि ओरडलो. अकरा वर्षांत तुझ्याशी बोललेला माझा पहिला शब्द, चारशे इंग्रज लोकांसमोर, मावशी, उतर खाली, म्हातारी आहे ती.

त्या हॅटवाल्या कार्यकर्त्या बाईंनी माझी कॉलर धरली आणि तुला विचारलं, हा काय म्हणतोय?

तू टॅन्सीला थांबवलंस. खाली बघितलंस. माझ्या तोंडाकडे नाही, बोटांकडे.

'माझा भाचा आहे,' तू त्यांना म्हणालीस. 'मी म्हातारी झालेय म्हणतोय. चुकीचं नाही.'

आणि त्याच वेळी लाऊडस्पीकरवर तुझं नाव वाचलं. व्हेटरन क्लास. पंधरा वर्षांवरचे घोडे. टॅन्सी, वय एकोणीस. उड्या नाहीत, नुसतं चालवून दाखवायचं, म्हातारपणी कोण किती नीट राहिलंय ते. मावशी, मी रिंगणातल्या गवतावर बसलो ते त्या बाईंनीच उचलून बाहेर नेलं. लोकांना वाटलं मला ऊन लागलं.

तुम्ही तिसऱ्या आलात ते मी बघितलं नाही. मी ट्रेलरमागे ओकत होतो.

मग तू आलीस. टॅन्सीचा ओठ वर केलास आणि मला जवळ ये म्हणालीस, जसं मी पेशंटच. म्हणालीस, खऱ्या खड्ड्याभोवती एनॅमलचं पांढरं कडं असतं, हे बघ, तू पाडलेल्यांना नाही. आणि म्हाताऱ्या घोडीचे दात असे पुढे येतात, ते कोण मागे ढकलणार? माझ्या हाताखाली शिकत असतास तर नापास केलं असतं. मी शरमेने मेलो. म्हणजे सगळ्याची शरम होतीच, पण कोरीवकामाचीही होती.

मी विचारलं, कळलं होतं तर घेतलीस कशाला. त्यावर तू जे म्हणालीस ते मला रात्रभर ऐकू येत होतं, म्हणून तसंच लिहून ठेवतो.

'तो तिच्या मानेवर थाप मारून म्हणाला, बघा, नऊच वर्षांची आहे. ताई पण असंच माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली होती, सव्वीसच. तिला तिथे सोडून मी घरी येऊन जेवले असते का रे?'

मग मी मेणबत्त्यांबद्दल सॉरी म्हटलं. अकरा वर्षं पाठ केलेलं भाषण होतं, पण एवढंच निघालं. आणि तू माझ्याकडे मी वेडा असल्यासारखी बघायला लागलीस. त्या दिवशी रडत नव्हतीस म्हणे तू. हसत होतीस. त्या डॉक्टरच्या आई एकोणतीसला अडखळल्या, चष्मा पुसला, आणि परत एकपासून सुरू केलं, तेव्हा तुला आवरेना. तो डॉक्टर तुला आवडलाच नव्हता. आईने तुला माफ केलं नाही ते वयासाठी नाही, तू आत जाऊन मोठ्याने हसलीस आणि ते बाहेर ऐकू गेलं त्यासाठी.

मी अकरा वर्षं ज्या खांद्यांची माफी मागत होतो ते हसत होते. कुणीतरी डोक्यात फळी घातल्यासारखं झालं.

आणि वर म्हणालीस, मेणबत्त्या कमीच होत्या. दोन कमी. शाळेत घालताना गुरुजींनी डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावला, तू बुटकी, आठ वर्षांची असूनही हात पोचला नाही. सहाचीपण दिसत नाही म्हणून त्यांनी दोन वर्षं कमी लिहिली, आणि तारीख सगळ्यांची तीच, एक जून. म्हणजे तुझा वाढदिवसही तुझा नाही. घोड्यांचे निदान दात बघतात.

पत्रांना उत्तर का दिलं नाही हेही विचारलं. म्हणालीस, पहिल्या पत्राला लिहायला बसले, अकरा वर्षांचं काय लिहू कळेना. मग तिसरं आलं आणि वाटलं, याला एकदा तरी घाबरलेला बघू. आता कळलं मी कुणावर गेलोय.

फक्त एक. निघताना तू टॅन्सीचा लगाम सोडत, माझ्याकडे पाठ करून विचारलंस, ताई कशी आहे. मी म्हटलं फोन कर ना. तू म्हणालीस, मोठी ती आहे. आधी तिने करायचा.

आई गेल्या वर्षी काय म्हणाली होती सांगू? गेली ती आहे. आधी तिने करायचा.

ग्रिंडलची नोकरी सकाळी सोडली. जाताना काचेवर कार्ड लावून आलो. ग्रिंडल, चार वर्षांचा, दात स्वतःचे.

अतुल


बुधवार, २६ जून

मावशी,

हे पत्र उद्या सकाळी मिळायलाच हवं म्हणून पोस्ट ऑफिसच्या आतल्या पेटीत टाकतोय. उभ्याने वाचू नकोस.

काल मी पुन्हा केलं. दुपारी फोन बॉक्समधून आईला फोन लावला आणि सांगितलं, सुप्रभा मावशी घोड्यावरून पडली.

माझा हिशेब साधा होता. आई म्हणणार, कोण सुप्रभा. मी म्हणणार, तीच, पायाला प्लास्टर आहे. मग ती दोन दिवस भांडी आपटणार, आणि तिसऱ्या दिवशी तुझा फोन नंबर विचारणार. बस.

आईने एवढंच विचारलं, 'शुद्धीवर आहे का?' आणि मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. ती खाली बसली होती. मावशी, मी आईला कधी रडताना ऐकलेलं नाही. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळीही नाही. मी लगेच म्हणायला हवं होतं, आई, मजा केली. त्याऐवजी मी नुसती नाणी टाकत राहिलो. पैसे संपत आले, पिप पिप सुरू झालं, आणि ती मध्येच सांगत होती की तू घर सोडलंस त्या दिवशी जिन्यात ती तुला काय बोलली होती. तुला माहीत आहे ते. मला माहीत नव्हतं. नऊ वर्षांचं पोर झोपलंय असं तुम्हा दोघींना वाटलं असेल. मी खरंच झोपलो होतो. ते मी इथे लिहिणार नाही. ते तिनेच तुला सांगायला हवं, आणि तिला सांगायचंय.

शेवटचं नाणं टाकलं तोवर तिने आवाज सावरला होता, आणि मी म्हणून गेलो, शुद्धीवर आहे, डावा पाय, प्लास्टर आहे. शनिवारी येतेय, ती म्हणाली. व्हिक्टोरियाहून कोच, दुपारी दीडला ब्रिस्टल. रवा बरोबर घेतेय, तुमच्याकडे जाडा मिळत नसेल म्हणून. आणि मला बजावलंय की तुला आधी सांगायचं नाही, नाहीतर तू नको म्हणशील.

तर मी सांगितलेलं नाही.

आता माझी अवस्था बघ. खरं सांगितलं तर ती येणार नाही आणि मला जन्मभर तोंड दाखवणार नाही. नाही सांगितलं तर ती दारात येऊन तुला दोन पायांवर उभी बघणार. तू डॉक्टर आहेस. दातांची असलीस तरी तुझ्या कपाटात क्रेप बँडेज असेलच. डावा पाय, घोट्यापासून वर. मी डावा सांगितलाय. प्लास्टरचं विचारलं तर म्हण की काल काढलं. दोन दिवस लंगडत चाल, ती शिरा करेपर्यंत तरी. नंतर हळूहळू बरी हो. मला फोनवर शिव्या द्याव्याशा वाटल्या तर सोमवारनंतर दे, आणि तोपर्यंत तू मला भेटली नाहीस, पत्रं मिळाली नाहीत, भाचा कोण ते माहीत नाही.

आईला सांगू नकोस. जोअॅनला नको. मला माहीत आहे तू तबेल्यात जाऊन कपाळाला कपाळ लावून सगळं बोलतेस, तर मावशी, पाया पडतो, टॅन्सीलासुद्धा सांगू नकोस.

अतुल